न मागणाऱ्यांचं घराणं

दोहात मी तेरा वर्षं काढली, पण या गावात मी कोणाकडे काही मागितल्याचं कोणालाही आठवणार नाही. ऑफिसातल्या माझ्या खुर्चीची पाठ चार वर्षांपूर्वी तुटली. तेव्हापासून मी ताठ बसतो आणि लोकांना वाटतं, माणूस शिस्तीचा आहे. एकटा राहत होतो तेव्हा ऐन जुलैत खोलीतला एसी बंद पडला, तर वॉचमनला सांगायचं सोडून मी तीन आठवडे ओला टॉवेल अंगावर घेऊन झोपलो. एकदा दाढी करायला गेलो असताना न्हाव्यानं डोकं भादरायला घेतलं. मी आरशात बघत राहिलो आणि शेवटी 'शुक्रन' म्हणून, म्हणजे अरबीत आभार मानून, पैसे देऊन घरी आलो.

सगळ्यात मोठा पराक्रम बसचा. कंपनीची बस एका सकाळी नेहमीचा रस्ता सोडून उत्तरेला निघाली. आत सगळे अनोळखी चेहरे. बस कुठे चालली आहे, एवढं ड्रायव्हरला विचारलं असतं तर पुढच्या सिग्नलला उतरता आलं असतं. मी विचारलं नाही. दीड तासानं देशाच्या उत्तर टोकाला, अल रुवैसला पोचलो. बाकीचे लोक रंगकामाला गेले आणि मी संध्याकाळपर्यंत बंदरावर मासळीच्या होड्या मोजत बसलो. ऑफिसात त्या दिवशी गैरहजेरी लागली, तीही मी मुकाट्यानं मान्य केली.

मी विल्सन आढाव. मूळचा पुण्याचा, जन्मानं मेथडिस्ट, म्हणजे प्रोटेस्टंट, पेशानं डॉक्युमेंट कंट्रोलर. आमची कंपनी स्टेडियममधल्या पाट्या बनवते. बाहेर जायचा रस्ता कुठे, जिना कुठे, संडास कुठे. त्या पाट्यांच्या ड्रॉइंगची कितवी आवृत्ती खरी आणि कितवी रद्द, हे सांभाळणं माझं काम. वर्ल्ड कपला जगभरातून माणसं येणार आणि त्यातल्या एकालाही कुठली गोष्ट कुठे आहे हे कोणाला विचारावं लागू नये, याची जबाबदारी माझ्यावर. या कामाला माझ्याइतका लायक माणूस कंपनीला साऱ्या आखातात मिळाला नसता.

माझी बायको जोस्लीन वसईची, कॅथलिक, इथल्या एका हॉस्पिटलात नर्स. तिच्या माहेरी मागण्याची कोणाला लाज नाही. तिकडे किल्ली हरवली तरी ती मागायला वेगळा संत नेमलेला आहे. लग्नानंतर आठवड्याभरात तिनं वॉचमनला वर बोलावून एसी, नळ आणि दाराची कडी अशा तिन्ही गोष्टी दुरुस्त करून घेतल्या. मी तेवढा वेळ बाथरूममध्ये जाऊन बसलो होतो.

माझा हा रोग माझा एकट्याचा नाही, तो वंशपरंपरागत आहे. आणि तो आमच्या घरात आणला इंग्लंडातल्या दहा-बारा वर्षांच्या काही मुलींनी.

झालं असं. अठराशे सत्त्याण्णवच्या दुष्काळात नगरकडची एक आठ वर्षांची पोर, साळू तिचं नाव, मेथडिस्ट मिशनच्या अनाथालयात आली. ही माझ्या आईची आजी. त्या काळी अशा एकेका मुलीचा खर्च विलायतेतला एखादा संडे स्कूलचा, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या शाळेचा, वर्ग उचलायचा. तिथल्या मुलांना छापील कार्डं दिलेली असत. कार्डावर चौकोन. एक पेनी मिळाली की एका चौकोनाला टाचणीनं भोक पाडायचं. पेनी मिळवायला मुलं शेजाऱ्यांच्या पायऱ्या घासत, चहातली साखर सोडत. काही घरांत तर कोंबडीनं रविवारी घातलेलं अंडं मिशनचं, असा नियम होता. कोंबड्यांना या नियमाची कल्पना होती की नाही, याची मी चौकशी केलेली नाही.

जो वर्ग पैसे देईल त्यानं मुलीचं नाव ठेवायचं, अशी पद्धत होती. उत्तर इंग्लंडमधल्या थॉर्नब्रुक नावाच्या लहानशा गावातल्या मुलींच्या वर्गानं साळूचं नाव एमिली ठेवलं. दर ख्रिसमसला त्या पार्सल पाठवत. त्यात एक पत्र आणि एक बाहुली. बदल्यात एमिलीनं वर्षातून एकदा आभाराचं पत्र लिहायचं. अनाथालयाच्या मडमेनं सांगायचं आणि हिनं लिहायचं : मी सुखात आहे, मी रोज तुमच्यासाठी प्रार्थना करते, बाहुली फार सुंदर आहे.

बाहुली मेणाची असायची. वैशाख आला की तिचं नाक खाली यायचं, मग डोळे. तीन वर्षांत तीन बाहुल्या अशाच वितळल्या. एमिलीला मात्र पायात घालायला काही नव्हतं. चौथ्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे साली, पत्र लिहायच्या वेळी मडम तापानं आडवी होती. तिनं एमिलीला सांगितलं, तुझं तूच लिही आणि माझ्या टेबलावर ठेव. अकरा वर्षांच्या पोरीनं पहिल्यांदाच मनातलं लिहिलं : प्रिय बहिणींनो, यंदा बाहुली नको, पाय फार भाजतात, चपला पाठवा.

त्या ख्रिसमसला पार्सल आलं नाही. पुढच्याही नाही. पत्रसुद्धा कधी आलं नाही. अनाथालयानं तिला काढून टाकलं नाही, खर्चाची सोय दुसरीकडून झाली. पण एमिलीनं मनाशी पक्कं धरलं की आपण मागितलं म्हणून त्या रागावल्या. पुढे ती शिक्षिका झाली, तिचं लग्न झालं, मुलं झाली. पंचाहत्तर वर्षांची होऊन गेली, पण तिनं पुन्हा कोणाकडे काही मागितलं नाही आणि घरात कोणाला मागू दिलं नाही. जेवताना मीठ हवं असलं तर उठून घ्यायचं. ते माझ्या आजीनं उचललं, आजीकडून आईनं आणि आईकडून मी. इस्टेट अशी आमच्याकडे एवढीच.

हे सगळं पुराण सांगायचं कारण म्हणजे दोन हजार बावीसचा जून. पुण्याहून अंजनाचा फोन आला. अंजना आईला सांभाळते. ती दबक्या आवाजात म्हणाली, "दादा, आजींनी तुम्हाला सांगू नको म्हणलंय. पण पित्ताशय काढायचं ठरलंय. अठ्ठावीस तारखेला. डॉक्टर म्हणले, वय शहाऐंशी, भूल सोसल का नाय ते सांगता येत नाय."

मी लगेच आईला फोन लावला.

"मी बरी आहे," आई म्हणाली.

"अगं, ऑपरेशन आहे म्हणे."

"छोटंसं आहे. सगळ्यांचं होतं. तू कामं कर. वर्ल्ड कप आहे ना तुझा."

जणू मी सेंटर फॉरवर्ड होतो. ये, असं ती म्हणाली नाही. येऊ का, असं मी विचारलं नाही. दोघांनी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि फोन ठेवला.

मला जायचं होतं. आई ऑपरेशनच्या टेबलावरून परत आली नाही तर मी दोहात पाट्यांची ड्रॉइंग चाळत बसलेला असेन, हा विचार मला जेवू देत नव्हता. पण जूनअखेर आमची एका स्टेडियमची सगळी ड्रॉइंग सोपवायची होती आणि सप्टेंबरपासून वर्षअखेरपर्यंत कोणालाच रजा नव्हती. ज्याला जायचं त्यानं आधी साहेबाला भेटून मागायचं, अशी मेल आली होती. मी ती मेल व्यवस्थित फाइल केली.

"विल्सन, आईची ऑपरेशनं रोज होतात का?" जोस्लीन चिडली. "माणूस आत जाऊन सांगेल, साहेब, रजा द्या, खलास. तू दोन दिवस नुसता केबिनसमोरून फेऱ्या मारतोयस."

"तीन," मी म्हणालो.

तिनं हातातला डबा माझ्यासमोर आपटला. त्यात चमचा नव्हता. मी हातानं खाल्लं.

आमचे साहेब मिस्टर क्रॉशॉ. उंच, लाल चेहऱ्याचे, साठीला आलेले इंग्रज. त्यांच्या हाताखाली मी दोन वर्षं होतो. त्या आठवड्यात ऑफिसात वर्ल्ड कपचा माहोल म्हणून प्रत्येकानं टेबलावर आपापल्या देशाचा झेंडा लावायची टूम निघाली. आपला देश वर्ल्ड कपमध्ये नसूनही आम्ही भारतीयांनी सगळ्यात मोठे झेंडे लावले. क्रॉशॉसाहेबांनी इंग्लंडचा झेंडा न लावता केबिनच्या काचेवर आपल्या गावातल्या फुटबॉल क्लबचा जुना, पिवळा-काळा मफलर टांगला. चौथ्या फेरीला मी त्यावरची अक्षरं वाचली. थॉर्नब्रुक टाऊन.

ज्या गावाचं नाव आमच्या घरात सव्वाशे वर्षं दबक्या आवाजात घेतलं जात होतं, त्या गावचा माणूस दोन वर्षं माझ्यापासून बारा पावलांवर बसून चहा पीत होता. तुम्ही कुठले, असं मी एकदाही विचारलं नव्हतं.

केबिनमध्ये मी गेलो तो रजा मागायला नाही, हे आधीच कबूल करतो. आभार मानायला गेलो. आभार मानण्यात मागणं येत नाही, त्यामुळे ते मला जमतं. उभ्याउभ्याच मी सगळी हकीकत सांगितली. कार्डं, टाचण्या, कोंबड्या, बाहुल्या. आणि शेवटी म्हणालो, "सर, तुमच्या गावच्या मुलींनी माझ्या पणजीला जगवलं. त्यांच्यापैकी कोणाला भेटणं शक्य नाही. म्हणून तुमचे आभार."

मला वाटलं होतं, त्यांचे डोळे भरून येतील. क्रॉशॉसाहेब जरा घाबरल्यासारखे दिसले.

"विल, त्या मुलींचं चॅपल आता गालिच्यांचं दुकान आहे," ते म्हणाले. "माझ्या लग्नाच्या वेळी आम्ही जिन्यासाठी तिथूनच गालिचा घेतला." मग म्हणाले, "पण ती पत्रं बंद का झाली?"

"आम्ही मागितलं म्हणून."

"तसं कोणी कळवलं होतं?"

"नाही."

"मग तुमच्यापैकी कोणी विचारलं नाही? सव्वाशे वर्षांत?"

मी छताकडे बघितलं. तिथे आमच्याच कंपनीची बाहेर जायच्या रस्त्याची पाटी होती. साहेब म्हणाले की त्यांची आत्या एकोणऐंशी वर्षांची आहे, गावाच्या इतिहास मंडळात काम करते, चॅपलची जुनी दप्तरं तिनंच लायब्ररीत लावली आहेत. तिला ते मेल टाकतील. मी आभार मानले आणि बाहेर आलो. रजेचं बोललोच नाही. जोस्लीनला हे कळलं तेव्हा ती माझ्याशी दीड दिवस बोलली नाही.

आठ दिवसांनी आत्याबाईंचं उत्तर आलं. साहेबांनी ते मला पाठवलं, वर एक शब्दही न लिहिता. वर्गाच्या वहीतली एक नोंद आत्याबाईंनी जशीच्या तशी उतरवून पाठवली होती. साल एकोणीसशे. तिचा अर्थ असा :

'आमच्या एमिलीचं पत्र यंदा आलं नाही. मुली हिरमुसल्या आहेत. मागच्या वेळची बाहुली स्वस्तातली होती, म्हणून ती रागावली असावी, असं त्यांना वाटतं. मिशनला लिहून विचारावं का, यावर बोलणं झालं. दिलेल्याची आठवण करून दिल्यासारखं दिसेल, म्हणून विचारू नये असं ठरलं. एमिलीला आता आमची गरज नसावी. पुढचे पैसे मिशनच्या बोटीच्या निधीला द्यावेत.'

मी ते तीनदा वाचलं. म्हणजे चपलांचं पत्र थॉर्नब्रुकला पोचलंच नव्हतं. मडमेला ते उद्धट वाटून तिनं ठेवून घेतलं, की तापाच्या गडबडीत टेबलावरून कुठे पडलं, ते आता कळायचं नाही. तिकडे त्या मुली समजत होत्या की एमिली रागावली. इकडे एमिली समजत होती की त्या रागावल्या. कोणीच रागावलं नव्हतं. एका ओळीचं पत्र लिहून विचारायला मात्र कोणी तयार नव्हतं. मी आजवर स्वतःच्या भिडस्तपणाची गंमत करत आलो, घरातल्या पार्ट्यांमध्ये बसचा किस्सा रंगवून सांगत आलो. त्या दिवशी मला त्याची लाज वाटली आणि त्या अकरा वर्षांच्या पोरीसाठी रडू आलं. टेबलाशी बसून, झेंड्याच्या आडोशाला, मी चांगला रडलो.

जेवणाच्या सुट्टीत आईला फोन लावला आणि ती नोंद मराठीत वाचून दाखवली.

"म्हणजे रागावल्या नव्हत्या त्या?" आईनं विचारलं.

"नाही."

"आजी शेवटच्या आजारातसुद्धा म्हणायची रे, मी चपला मागायला नको होत्या."

"हो."

"बरं, ठेवते," आई म्हणाली. "बिल वाढतं." व्हॉट्सॲपला बिल येत नाही हे तिला शंभर वेळा सांगून झालं आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी बसची वाट बघत उभा होतो, तेव्हा फोन वाजला. आईचा. आई स्वतःहून कधीच फोन करत नाही.

"विलू, मला फार भीती वाटते," आई म्हणाली. "तू ये."

बस आली. ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होता आणि मी फोन कानाला लावून तसाच उभा होतो. माझ्या उभ्या आयुष्यात आईनं माझ्याकडे पाण्याचा पेलाही मागितला नव्हता. "येतो," मी म्हणालो. कसा येणार, याचा मला पत्ता नव्हता.

दोहातल्या मुशैरिब भागातल्या आमच्या ऑफिसात सहाव्या मजल्यावर पोचल्यावर मी पिशवीही न ठेवता थेट केबिनमध्ये शिरलो.

"सर, मला रजा हवी आहे." आवाज इतका बारीक निघाला की मला तो माझा वाटेना.

"कधी?"

"सव्वीस तारखेपासून. आईचं ऑपरेशन आहे."

क्रॉशॉसाहेबांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि मान हलवली. "विल, तीस तारखेला ड्रॉइंग सोपवायची आहेत. तुझ्याशिवाय त्या यादीतलं कोणालाच कळत नाही. जुलैत जा."

"नो प्रॉब्लेम, सर," असं माझ्या तोंडून निघूनही गेलं. एवढंच बोलून थांबलो असतो तर बरं, पण वर "सॉरी, सर" असंही म्हणालो. वळलो. दाराच्या मुठीवर हात ठेवला. केबिनबाहेर पडलो की संपलं, हे मला कळत होतं. घामानं मूठ निसटत होती.

मी मागे वळलो. "सर, प्रॉब्लेम आहे."

"काय?"

"मला सव्वीसलाच जायचं आहे. आई शहाऐंशी वर्षांची आहे आणि ती एकटी आहे. यादी मी चार दिवसांत अबूबकरला समजावून देतो. उरलेलं पुण्याहून करीन. पण मला रजा द्या, सर. मी मागतोय."

इतकं लांब वाक्य त्या केबिनमध्ये मी दोन वर्षांत बोललो नव्हतो. अबूबकर हा माझा मलबारी सहकारी. त्यानं याला होकार दिला आहे की नाही, हे मी त्याला विचारलेलं नव्हतं, पण एका दिवसात किती सुधारायचं माणसानं? साहेबांनी पुन्हा कॅलेंडरकडे पाहिलं. मी जागचा हललो नाही.

"आठ दिवस," ते शेवटी म्हणाले. "फोन चालू ठेवायचा. आणि विल, हे तू मला दोन आठवड्यांपूर्वी का सांगितलं नाहीस?"

मी थँक्यू म्हणून बाहेर पळालो. केबिनसमोर उभं राहून फोन करण्याचं धैर्य नव्हतं, म्हणून लिफ्टनं खाली लॉबीत आलो आणि पहिला फोन आईला लावला.

"आई, मिळाली रजा. येतोय."

"किती दिवस?"

"आठ."

मला वाटलं, नेहमीसारखं म्हणेल, कशाला एवढे, चार पुरेत, तुझं काम बुडेल.

"दहा मिळतात का, विचारून ये," आई म्हणाली.

मी परत लिफ्टचं बटण दाबलं.